गडचिरोली, नक्षलवाद आणि विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोलीत राहतो म्हटलं की समोरचा आधी विचारतो, भीती नाही वाटत का? गेली दहा-अकरा वर्षं मी एटापल्ली-भामरागडच्या बाजूला ग्रामसभांच्या कागदपत्रांच्या कामात आहे, म्हणजे वनहक्काचे दावे, ठरावाची रजिस्टरं, तेंदूच्या म्हणजे विडीच्या पानांच्या हिशोबाच्या वह्या असलं सगळं. नातेवाईक, कॉलेजची पोरं, एमपीएससीवाले, कधी पत्रकार, सगळे मिळून साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपतीनं शस्त्र खाली ठेवल्यापासून तर रोजच कुणाचा ना कुणाचा मेसेज असतो. म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न वर आहेत, किचकट खाली, आणि एखाद्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. गडचिरोली नेमका कुठं येतो आणि बाकी महाराष्ट्रापेक्षा एवढा वेगळा का?

नकाशात पार पूर्वेला, खालच्या टोकाला. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्हा फोडून हा जिल्हा केला. तालुके १२, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत माणसं पावणेअकरा लाखांच्या आत-बाहेर, त्यातले ३८ टक्क्यांहून जास्त आदिवासी. दोन तृतीयांशाच्या आसपास जंगल. अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा. सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर ऑफिसात एक कागद द्यायचा तर दोनशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. आणि भाषा बघा, भामरागडला माडिया, मधल्या पट्ट्यात गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगडी, वैनगंगेच्या काठानं झाडीबोली. मुंबईत बसून काढलेला एक जीआर या सगळ्यांना कसा लागू पडेल हा साधा विचार फार उशिरा झाला.

२. नक्षलवादी इथं आलेच कसे? लोकांनी त्यांना थारा का दिला?

१९८० च्या सुमाराला तेव्हाच्या आंध्रातून प्राणहिता-गोदावरी ओलांडून ते सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आले. तेव्हा इथल्या माणसाला सरकार म्हणजे कोण माहीत होतं, तर फॉरेस्ट गार्ड आणि पटवारी. घर शाकारायला बांबू तोडला तरी केस, नाहीतर कोंबडी द्या, दारू द्या, बेगार करा. तेंदूपत्त्याला ठेकेदार देईल तो भाव, कागद कारखान्यासाठी बांबू तोडायला जे देतील ते पैसे. दलमवाल्यांनी (दलम म्हणजे नक्षलवाद्यांची बंदूकधारी तुकडी) ठेकेदाराला दम दिला आणि मजुरी वाढली, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. थारा मिळाला तो त्यामुळं. माओ कोण हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

पण इथला आदिवासी फक्त बंदुकीच्याच आधारानं लढला असं समजू नका. ८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध बाबा आमट्यांच्या बरोबर 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत लोक हजारोंनी रस्त्यावर आले होते आणि ती धरणं झाली नाहीत.

पुढं त्याच बंदुकीनं गावं धरली. खबरी असल्याचा नुसता संशय आला की रात्री घरातून उचलायचं, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि बाजूला लाल अक्षरातलं पत्रक. पोलीस पाटील मेले, सरपंच मेले, साधे शेतकरी मेले. मारले गेले ते बहुतेक आदिवासीच. आणि दुसऱ्या बाजूनं, दलमला भात दिला म्हणून पोलिसांकडून मार खाल्लेली माणसंही मला भेटलीत, रात्री बंदूक घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला भात नाही म्हणायची सोय त्यांना कुठं होती.

३. सी-६० म्हणजे काय?

गडचिरोली पोलिसांचं खास पथक. १९९० मध्ये तेव्हाचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी उभं केलं, सुरुवातीला ६० जवान होते म्हणून सी-६०. यातली बहुतेक पोरं इथलीच, माडिया-गोंडी बोलणारी, जंगल पायाखालचं. त्यामुळं बाहेरच्या दलांना जे जमलं नाही ते यांना जमलं. त्याची किंमतही इथल्याच घरांनी दिली, एक भाऊ दलममध्ये आणि चुलतभाऊ सी-६० मध्ये अशी घरं आहेत, लग्नकार्यात दोघांचीही नावं कुणी काढत नाही.

४. मग चाळीस वर्षं सरकार करत काय होतं? आत्ताच फरक का पडला?

करत नव्हतं असं नाही, पण एक हात एकीकडे आणि दुसरा भलतीकडे असं चाललं होतं. २००३ मध्ये गावबंदी योजना आणली, म्हणजे गावानं नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव करायचा आणि सरकारनं विकासासाठी पैसे द्यायचे. ठराव करणाऱ्या गावाला रात्री राखायला कोण होतं? ठरावाचा कागद तहसीलला पोचायच्या आत जंगलात बातमी पोचायची. २००५ ला आत्मसमर्पण योजना आली (प्रश्न १०). २००९ साल तर इथं कुणी विसरू शकत नाही, फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस गेले, मे महिन्यात हत्तीगोटाला १६, ऑक्टोबरात विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना लाहेरीला १७.

त्याच्या आदल्या वर्षी, २००८ ला, योजना आयोगाच्या तज्ज्ञ गटाचा अहवाल आला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मूळ दुखणं जमीन, जंगल, विस्थापन आणि वाईट कारभार हे आहे. त्यानंतर २०१० मध्ये केंद्रानं ६० जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा केला, पहिल्या वर्षी जिल्ह्याला २५ कोटी, पुढच्या वर्षी ३० कोटी. पैसे कुठं टाकायचे हे ठरवणार कोण, तर कलेक्टर, एसपी आणि वनाधिकारी या तिघांची समिती. ग्रामसभेला त्यात जागा नव्हती. मला ही त्या योजनेची सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण ज्या गावाचा रुसवाच 'आम्हाला कुणी विचारत नाही' हा आहे तिथं न विचारता बांधलेलं समाजमंदिरही परकंच राहतं, आणि त्यातल्या कितीतरी खोल्यांत आज बकऱ्या बांधलेल्या आहेत.

आत्ताचा फरक तीन-चार गोष्टी एकत्र आल्यानं पडला. सी-६० पक्की तयार झाली. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या बाजूला दोन दिवसांत ४० नक्षलवादी मारले गेले, नोव्हेंबर २०२१ ला ग्यारापत्तीजवळ मर्दिनटोल्याच्या जंगलात त्यांचा मोठा नेता मिलिंद तेलतुंबडेसह २६. मध्ये १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हरही गेला, म्हणजे सगळं सरळ रेषेत झालं असं अजिबात नाही. सीमेपलीकडं छत्तीसगडच्या फौजाही सरकत गेल्या, त्यामुळं इकडून दाबलं की तिकडं पळायची सोय राहिली नाही. मोबाईल आला. आणि महत्त्वाचं म्हणजे गावातून नवीन पोरं जाणं थांबलं. तेंदू-बांबूचा पैसा ग्रामसभेच्या हातात यायला लागल्यावर (प्रश्न ७) ठेकेदाराला दम द्यायला कुणाची गरजच उरली नाही. हे चौथं कारण टीव्हीवर कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

५. पोमके आणि 'पोलीस दादालोरा खिडकी' हे काय असतं?

पोमके म्हणजे पोलीस मदत केंद्र, जंगलातली चौकी. अलीकडं हेडरी-गट्ट्याच्या पलीकडं वांगेतुरी, भामरागडला पेनगुंडा अशा ठिकाणी चोवीस तासांच्या आत पोमके उभी केली. आदल्या रात्री मोकळं मैदान आणि दुसऱ्या संध्याकाळी वायफायसकट चौकी. दादालोरा खिडकी ही त्याच चौकीतली एक खिडकी, 'दादालोरा' हा माडिया शब्द, अर्थ दादांची. तिथं जातीचा दाखला, आधार, पॅनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन, योजनांचे फॉर्म असली कामं करून देतात.

चांगलं आहे का? हो, अगदी चांगलं आहे, एका दाखल्यासाठी ज्या बाईचे एटापल्लीला तीन हेलपाटे आणि तीन दिवसांची मजुरी जायची तिला विचारा. पण माझी एक काळजी आहे. दाखला देणं हे तहसीलचं काम, फॉर्म भरणं ग्रामपंचायतीचं, औषध देणं आरोग्य खात्याचं. हे सगळं जर बंदूकवाल्या खात्याच्याच खिडकीतून होत राहिलं तर बाकीच्या खात्यांना गावात यायची गरजच वाटत नाही. मी ज्या गावांत जातो त्यातल्या एका गावात चौकी झाल्याला दोन वर्षं झाली, ग्रामसेवक अजूनही महिन्यातून एकदाच येतो आणि तोही चौकीच्या गेटवर सह्या करून परत जातो.

६. रस्ता झाला की विकास झाला ना? मग काही गावं रस्त्याला विरोध का करतात?

रस्ता पाहिजेच. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर पहिल्यांदा एसटी धावली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी, तेव्हा म्हाताऱ्या बायका बसच्या पत्र्यावरून हात फिरवत होत्या. बाजाला बांबू बांधून, खांद्यावर कावड करून बाळंतिणीला नाल्यापलीकडं नेलेलं मी स्वतः बघितलंय आणि नेणाऱ्यांत मीही होतो. पाणी छातीला लागत होतं, पुढचे दोघं बाज डोक्याच्या वर धरून चालत होते, आणि पलीकडं उभ्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मोबाईलची बॅटरी दाखवत होता एवढाच उजेड. ती बाई आणि पोरगी दोघी सुखरूप आहेत. त्या नाल्यावर पूल नको म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

विरोध होतो तो वेगळ्या गोष्टीला. गावाला पाहिजे असतो गावापासून दवाखान्यापर्यंतचा साधा डांबरी रस्ता आणि नाल्यावर उंच पूल, येतो तो मोठा रुंद रस्ता डोंगराकडं जाणारा. लोक विचारतात, हा रस्ता आमच्यासाठी की खाणीच्या गाड्यांसाठी? (खाणीचं प्रश्न ९ मध्ये.) त्याच वेळी आलापल्ली-सिरोंचा रस्त्याचे हाल वर्षानुवर्षं तसेच आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात. लोक तुलना करणारच.

७. पेसा, वनहक्क, ग्रामसभा, सामूहिक हक्क, हे सगळं एकच आहे का?

नाही, आणि यातला गोंधळ अधिकाऱ्यांचाही होतो. पेसा हा १९९६ चा कायदा, फक्त अनुसूचित क्षेत्रासाठी (आदिवासी भाग म्हणून सरकारनं जाहीर केलेलं क्षेत्र), त्यात ग्रामसभेला गौण वनउपज, गौण खनिज, दारूचं दुकान, जमीन असल्या बाबतीत अधिकार दिलेत. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले २०१४ ला, म्हणजे १८ वर्षांनी. वनहक्क कायदा २००६ चा, तो देशभर सगळ्या जंगलाला लागू. त्यात दोन प्रकार, एक वैयक्तिक, म्हणजे तुम्ही कसत असलेली जमीन, आणि दुसरा सामूहिक, म्हणजे गावाच्या शिवेतलं जंगल राखायचा, वापरायचा, त्यातली तेंदू, मोह, बांबू विकायचा हक्क. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना हा सामूहिक हक्क मिळालाय, देशात एवढं काम फार कमी ठिकाणी झालंय आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

सुरुवात झाली धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाहून. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला, 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. २००९ ला त्यांना साधारण १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना फॉरेस्टवाले देईनात. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कायदा झाल्यावर एका पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं, यावरून खाली काय परिस्थिती असते ते समजून घ्या.

८. तेंदूपत्त्याचा एवढा बोलबाला आहे, त्यात नेमका पैसा येतो कसा?

मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस. पहाटे तीन-चारला घरातले सगळे जंगलात, उन्हं चढायच्या आत परत. मग दुपारभर सावलीत बसून पानं निवडायची, ७० पानांचा एक पुडा, सालीच्या दोरीनं बांधायचा. असे १,००० पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, पुडे रांगेनं उलटे-पालटे मांडतात.

पूर्वी फळीवरचा मुन्शी ठेकेदाराचा असायचा. शंभरामागं दोन-चार पुडे 'वरचे' म्हणून घ्यायचा, पानं बारीक आहेत म्हणून रांगच्या रांग पायानं बाजूला सारायचा आणि बाई गुपचूप उचलून घरी न्यायची. आता बऱ्याच गावांत मुन्शी ग्रामसभेनं नेमलेला, गावातलाच बारावी झालेला पोरगा. एका फळीवर मी बसलो होतो, एका आजीनं आधीच्या सवयीनं शंभरावर चार पुडे जास्तीचे ठेवले. पोरानं ते मोजून परत तिच्या टोपलीत टाकले आणि म्हणाला, आजी, हे तुझे. ती कितीतरी वेळ त्या चार पुड्यांकडं बघत बसली. विकास कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं की मला ती टोपली आठवते.

लिलाव ग्रामसभा करते, एकटी किंवा पाच-पन्नास गावं मिळून. कोरची तालुक्यात महाग्रामसभा आहे, तिथं गावांनी एकत्र येऊन बोलणी केली की ठेकेदाराला एकेक गाव फोडता येत नाही. मजुरी थेट खात्यात आणि वरची रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात. अडचणीही आहेत, लपवत नाही. काही ठेकेदार माल उचलतात आणि शेवटचा हप्ता बुडवतात, मी ज्या गावाचा हिशोब लिहितो तिथले पैसे दोन वर्षं अडकले होते. काही ठिकाणी ग्रामसभेच्या अध्यक्ष-सचिवानंच हात मारला. आणि पूर्वी ठेकेदाराकडून नक्षलवादी जो हिस्सा घ्यायचे तो शेवटी मजुराच्याच घामातून जायचा, हेही खरं.

९. सुरजागडची खाण चांगली की वाईट? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येणार. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर, उत्तम प्रतीचं लोहखनिज. ३४८ हेक्टरचा लीज २००७ चा. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथं सत्तर-ऐंशी गाड्या जाळल्या आणि काम ठप्प झालं, २०२१ पासून मोठ्या बंदोबस्तात जोरात सुरू झालं. कोनसरीला कारखाना झाला, पोरांना नोकऱ्या लागल्या, आत्मसमर्पण केलेल्यांनाही तिथं काम मिळालं. हे सगळं खरं आहे आणि ज्याच्या घरी पहिल्यांदा दरमहा पगार आलाय त्याला खाण वाईट म्हणायला मी सांगणार नाही.

पण त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, सुरजागड पट्टीतल्या सत्तर गावांचं ते ठाणं. खाली शेतांत लाल गाळ उतरतो, रस्त्यावर ट्रकांची धूळ आणि अपघात. ग्रामसभांची संमती नीट घेतली नाही ही तक्रार सुरुवातीपासूनची आहे. सुरक्षेच्या बाजूनंही विचार करा, एवढी वर्षं नक्षलवादी काय सांगत होते, की सरकार येतं ते तुमचा डोंगर न्यायला. तो प्रचार खोटा पाडायचा तर संमती खरीखुरी घ्यायला पाहिजे आणि जिल्हा खनिज निधी (२०१५ च्या आधीच्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के एवढा तो असतो) आधी खाणीला लागून असलेल्या गावांत दिसला पाहिजे. गडचिरोली शहरात सुशोभीकरण करून ते होणार नाही.

१०. माणसं मारणाऱ्यांना आत्मसमर्पणानंतर पैसे, घर, नोकरी? ज्यांची माणसं मेली त्यांचं काय?

हा प्रश्न सगळ्यात रागानं विचारला जातो आणि तो राग रास्त आहे. तरी माझं मत योजनेच्या बाजूनं आहे. २००५ पासून सहाशेहून जास्त जण आलेत. त्यातल्या कितीतरी जणी चौदा-पंधराव्या वर्षी दलममध्ये गेलेल्या पोरी, धड शाळा न बघितलेल्या. दलममध्ये लग्न करायचं तर पुरुषाची नसबंदी करायला लावायचे, बाहेर आल्यावर ऑपरेशन करून घेऊन मूल झालेली जोडपी इथं आहेत. १ जानेवारी २०२५ ला तारक्का ही मोठी नक्षलवादी नेता आली, जी जवळपास चार दशकं जंगलात होती, आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नवरा मल्लोजुला वेणुगोपाल राव म्हणजे भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आला. ही माणसं चकमकीत मेली असती तर अजून किती जवान गेले असते याचा हिशोब करून बघा.

मात्र दुसरी बाजू सरकारनं खरंच तोकडी ठेवलीय. खबरी म्हणून मारलेल्या माणसाच्या बायकोला मदत मिळते, पण ती मिळवायला तिला जे कागद गोळा करावे लागतात त्यात वर्षं जातात. समर्पण करणाऱ्याच्या घरी अधिकारी जातो आणि हिला मात्र अधिकाऱ्याच्या दारात जावं लागतं. हे उलटं व्हायला पाहिजे असं मी म्हणत नाही, सारखं व्हायला पाहिजे.

११. छत्तीसगडच्या सलवा जुडूमसारखं महाराष्ट्रानं का नाही केलं?

नाही केलं ते फार बरं झालं. २००५ ला बस्तरमध्ये गावातल्याच लोकांच्या हातात शस्त्रं दिली, गावं रिकामी झाली, माणसं छावण्यांत आणि आंध्रात पळाली. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं अशा पद्धतीनं विशेष पोलीस अधिकारी वापरणं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडं स्थानिक पोरं घेतली, पण रीतसर भरती करून, ट्रेनिंग देऊन, वर्दीत (प्रश्न ३).

१२. दवाखान्यांचं काय? तिथं तर डॉक्टर टिकतच नाहीत म्हणतात.

टिकत नाहीत हे खरं, क्वार्टर नाही, पोरांना शाळा नाही, एक वर्षाचा बाँड संपला की जातात. गडचिरोलीला आता सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, त्यातून इथलीच पोरं डॉक्टर होतील तेव्हा फरक पडेल.

पण धोरण म्हणून शिकण्यासारखी गोष्ट याच जिल्ह्यात घडलीय. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ ला 'सर्च' सुरू केलं. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बाळाचं वजन, ऊब, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. ३९ गावांत हे केलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला, १९९९ ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढं २०११ पासून आशाताईंच्या मार्फत ही पद्धत देशभर गेली. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे, नक्षलवादाच्याही आधीपासून, आणि त्या सगळ्या काळात तो चालू राहिला कारण लोकांना तो आपला वाटला.

१३. इतर देशांत असं काही झालंय का, की बंदूक थांबली आणि पुढं काय करायचं ते जमलं?

नेपाळात २००६ ला शांतता करार झाला, माओवादी निवडणुकीत उतरले, सरकारात आले, पण छावण्यांत तपासून नोंद केलेल्या १९ हजारांवर लढवय्यांपैकी सैन्यात गेले जेमतेम चौदाशेच, बाकी बहुतेक पैसे घेऊन घरी. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेनं २०१६ ला करार केला, २०१७ ला शस्त्रं ठेवली आणि कराराच्या कागदावर जमीन, रस्ते, कोकाऐवजी दुसरं पीक सगळं होतं. पण बऱ्याच भागांत फार्क गेल्यावर सरकार पोचायच्या आत दुसऱ्या टोळ्या पोचल्या. मला आपल्याकडं तीच धास्ती आहे. रिकाम्या जागेत इथं टोळी येईलच असं नाही, सावकार येईल, दारूवाला येईल (१९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे तरीही), जमिनीचा दलाल येईल.

१४. जिल्हा 'नक्षलमुक्त' झाला की निधी बंद होणार का?

सुरक्षेच्या नावानं येणारा निधी यादीशी बांधलेला असतो. केंद्राच्या यादीत एप्रिल २०२५ ला १८ जिल्हे होते आणि सगळ्यात जास्त प्रभावित सहांत गडचिरोली होता. ऑक्टोबर २०२५ ला ११ उरले, जास्त प्रभावित तीनच, बीजापूर, सुकमा, नारायणपूर, म्हणजे गडचिरोली त्या वरच्या गटातून बाहेर. त्या गटातून बाहेर पडल्याचा आनंद आहेच, पण चाळीस वर्षं राहिलेला अनुशेष यादीबरोबर पुसला जात नाही. रस्ता-टॉवरचा पैसा आटला तर निदान शिक्षक आणि नर्सच्या मंजूर जागा भरा एवढंच मागणं आहे. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून गडचिरोली आहे, ती मागास जिल्ह्यांसाठीची वेगळी योजना.

१५. टॉवर, अंगणवाडी, शाळा बांधायची तर जंगलाची परवानगी कुठून? दिल्लीला फाईल जाते का?

छोट्या कामाला जात नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी, वीज-फोनच्या लाइनी अशा १३ सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी ७५ च्या आत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस एवढं असलं की जिल्ह्यातच होतं. लोकांना हे माहीत नसतं आणि 'फॉरेस्टचं क्लिअरन्स नाही' म्हणून अंगणवाडी दहा वर्षं झाडाखाली भरते. वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं नक्षलग्रस्त भागात निमलष्करी दलाच्या छावण्या आणि सार्वजनिक सोयींना पाच हेक्टरपर्यंत आणि सुरक्षेच्या बांधकामाला दहा हेक्टरपर्यंत सूट दिली. म्हणून काही जण सांगतात की आता ग्रामसभेला विचारायची गरज नाही. तसं नाही, ती दुरुस्ती वन कायद्यातली आहे, वनहक्क कायदा आणि पेसा जागच्या जागी आहेत.

१६. आमचं गाव पेसात नाही, किंवा आम्ही आदिवासी नाही. आम्हाला वनहक्क मिळेल का?

गडचिरोलीतला काही भाग पेसात नाही, पण वनहक्काला पेसा लागत नाही (प्रश्न ७). बिगर आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या भागात राहून जंगलावर गुजराण केल्याचा पुरावा लागतो. मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली कुटुंबांना सरकारनंच निर्वासित म्हणून आणून वसवलं, त्यांची ७५ वर्षं भरतच नाहीत, त्यामुळं त्यांचे वैयक्तिक दावे अडतात. यावर वेगळा तोडगा काढायला हवा, या लोकांवर अन्याय होतोय असं मला वाटतं. सामूहिक दावा मात्र ग्रामसभेचा असतो आणि मिश्र वस्तीच्या गावानं तो जरूर करावा.

१७. सामूहिक हक्काचं पत्र मिळालंय पण फॉरेस्टवाले बांबू तोडू देत नाहीत, काय करायचं?

आधी पत्र नीट वाचा. बऱ्याच पत्रांत गावाचं नाव, जंगलाचा कक्ष क्रमांक किंवा क्षेत्र चुकलेलं असतं आणि काही ठिकाणी कायद्यात नसलेल्या अटी टाइप केलेल्या असतात, त्या दुरुस्त करून घ्यायला जिल्हास्तरीय समितीकडं ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज करा. मग ग्रामसभेची व्यवस्थापन समिती नेमल्याचा ठराव, जंगलाचा आराखडा आणि तोडणी कुठल्या कक्षात, किती, याचा ठराव असे तीन कागद तयार ठेवा. वाहतूक परवाना ग्रामसभेनं द्यायचा असतो, वनहक्काच्या नियमांत २०१२ ला तशी दुरुस्ती झालीय, त्याची प्रत सोबत ठेवा. गार्डशी वाद घालू नका, तोही बहुतेक वेळा वरचा साहेब सांगतो तेच करतो. म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या. आणि मूळ पत्र गावातून बाहेर काढू नका, झेरॉक्स न्या. आमच्या इथं एका गावानं मूळ पत्र ऑफिसात 'बघायला' म्हणून दिलं होतं, ते आजपर्यंत परत आलेलं नाही.